नाना आणि मलबार हिल

चि. प्राजू, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी जरा चिडून बोललो, ते डोक्यातून जाईना म्हणून सकाळी बीपीची गोळी घेऊन टाईप करत बसलोय, चुका झाल्या तर समजून घे. मी म्हणत होतो जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या जजची परीक्षा दे, पुण्यात क्लास लाव, आणि तू म्हणालीस पप्पा मला फौजींच्या पेन्शनच्या केसेस ऐकणारी जज व्हायचंय. मला आधी कळेचना असलं वेगळं काही असतं का, म्हणजे माझीच केस तिथं चालली आणि मलाच माहीत नाही!

मग चौकशी केली. सरळ रस्ता नाही गं तिथं. या केसेस ऐकणाऱ्या आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या बेंचवर एक हायकोर्टाचे जज राहिलेले आणि एक फौजेतले, मेजर जनरल किंवा त्याच्या वरचे. म्हणजे आधी दहा वर्षं हायकोर्टात वकिली नाहीतर तेवढीच न्यायाधीशाची नोकरी, मग हायकोर्टासाठी नाव गेलं तर गेलं, आणि ते सगळं पार पडल्यावर उतारवयात हे. तू आत्ता 26 ची. तू सांगत होतीस त्या अमेरिकेतलं बरंय, तिथं 1988 पर्यंत पेन्शन खात्यानं नाही म्हटलं की कोर्टात जायची सोयच नव्हती, वकिलाची फी पण दहा डॉलरला बांधलेली, पण एकदा कायदा झाल्यावर याच कामाचं स्वतंत्र कोर्ट आणि जज 15 वर्षांसाठी. आपल्याकडं ट्रायब्युनल सुरू झालं 8 ऑगस्ट 2009 ला, प्रतिभाताई राष्ट्रपती होत्या तेव्हा. त्याआधी आमच्यासारख्याला थेट हायकोर्टच.

तुला मुंबईचं मलबार हिल आठवतं का, तिथल्या ट्रायब्युनलमध्ये माझ्या केसची तारीख होती? अकरावीत होतीस, सुट्टी होती म्हणून बरोबर घेतलं होतं, तुला समुद्र बघायचा होता आणि आपण दुपारपर्यंत बाकड्यावर. मी 94 ला भरती झालो तेव्हा शेप वन, म्हणजे मेडिकलमध्ये पूर्ण फिट, एक खोट नाही. नॉर्थला दोन वर्षं उंचावरच्या पोस्टवर काढली, खाली पीस स्टेशनला, म्हणजे बॉर्डरपासून लांबच्या शांत ठाण्याला आलो आणि तिथं बीपी सापडला. 2011 ला रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे फौजेतून सुटताना तपासणाऱ्या डॉक्टरांनी, 30 टक्के डिसॅबिलिटी लिहिली आणि पुढच्या रकान्यात एनएएनए, म्हणजे आजार नोकरीमुळं झाला नाही आणि नोकरीमुळं वाढलाही नाही. आम्ही चेष्टेनं नाना म्हणायचो. तुला काय मिळालं रे? नाना. कारण काय तर पीस स्टेशनला सुरू झाला, एवढी एकच ओळ. म्हणजे पोस्टवर डॉक्टर मशीन घेऊन बसला होता आणि तिथं नॉर्मल होता असं थोडंच आहे! सर्व्हिस पेन्शन चालू झाली, डिसॅबिलिटीची नाही. खात्याकडं फर्स्ट अपील केलं, सेकंड अपील केलं, दोन्हीला उत्तर आलं तीच ओळ, फक्त तारीख नवी.

मग ट्रायब्युनलमध्ये केस टाकली. वकीलसाहेबांनी 2013 चं सुप्रीम कोर्टाचं धरमवीर सिंग जजमेंट लावलं. तो सिग्नल्सचा शिपाई, नऊ वर्षं नोकरी, फिट्स यायला लागल्या म्हणून घरी पाठवलेला. कोर्ट म्हणालं भरतीच्या वेळी कागदावर आजार लिहिलेला नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, नोकरीचा संबंध नाही हे खात्यानं सिद्ध करायचं, आणि शंका राहिली तर फायदा जवानाला. आमच्या दिवशी ते फौजेतले मेंबर मलाच विचारायला लागले, पोस्ट कितनी ऊंचाई पे थी? मी म्हटलं साडेतेरा हजार, साहब. आणि दुसरे जजसाहेब काहीच बोलले नाहीत, बोर्डाचा तो एक कागद दोनदा वाचला. पाच मिनिटात आमचा नंबर संपला. नंतर ऑर्डर आली, डिसॅबिलिटी पेन्शन मंजूर, आणि 30 चं राउंड होऊन 50 टक्के, सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या राम अवतार जजमेंटप्रमाणं.

आता तुला हे पण सांगतो, आमच्यात सगळे धुतल्या तांदळासारखे नाहीत. रिटायरमेंटच्या वर्षी काही जणांचे कान अचानक जातात, कंबर धरते. 2023 ला सरकारनं डिसॅबिलिटी पेन्शनचे नवीन नियम आणले त्यामागं हेही होतंच, तू ते वाचलेत का? खरा कोण आणि खोटा कोण हे तिथं बसून ठरवायचं, आणि तुझा बाप फौजी म्हणून तू नेहमी आमच्याच बाजूनं झुकलीस तर मला नाही आवडणार. अगदी स्पष्ट सांगतो.

परीक्षा दे नाहीतर मुंबईला राहून तिथंच प्रॅक्टिस कर, मी आता मधे पडत नाही. पहिली दोन वर्षं भाड्याचं मी बघतो, तेवढे एरियर्सचे पैसे अजून आहेत. माझ्या फाईलची झेरॉक्स कुरिअरनं पाठवतोय, बोर्डाचा कागद पान 14 वर आहे. नाव झाकून वाच आणि तू काय ऑर्डर दिली असतीस ते लिहून पाठव, खात्याच्या वकिलाचं पण ऐकून घे, त्याचं उत्तर मागं लावलंय.

आई विचारतेय चटणी कुरिअरमध्ये घालू का, मी म्हटलं कागद तेलकट होतील, वेगळी पाठवतो.

तुझे
पप्पा