रिपोर्टात व्हायरस, तरी हातात अँटिबायोटिक?

मा. संपादक,

पावसाळा लागला की चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत आमच्या फोंड्यात घराघरात एक तरी पोर खोकत असतं, आणि आता लहान मुलांच्या क्लिनिकमधे गेलं की कोविडच्या वेळेसारखी नाकात काडी घालून टेस्ट करायला सांगतात. एकाच किटवर फ्लू, आरएसव्ही (तान्ह्या बाळांच्या छातीत उतरणारा सर्दीचा व्हायरस), कोविड तिन्ही, पंधरा-वीस मिनिटांत रेघ दिसते. माझा टेस्टला विरोध नाही, उलट पोरांच्या नाकात व्हायरस भरपूर असतो म्हणून मोठ्यांपेक्षा त्यांच्यात ही टेस्ट बरी चालते. प्रश्न एवढाच आहे की रेघ आल्यावर पुढे काय?

माझ्या बहिणीच्या आठ महिन्यांच्या बाळाची हीच टेस्ट केली, आरएसव्हीच्या जागी रेघ ठळक आली, डॉक्टरांनी बघितली, हं म्हणाले आणि अँटिबायोटिकचं सिरप लिहून दिलं, सेफ साइडला म्हणून. अहो पण अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही ना! कानाचं इन्फेक्शन असेल, न्यूमोनियाची शंका असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं काही बोलले पण नाहीत. मग टेस्टचे पैसे कशाला घेतले? आणि आपण पालकही काही कमी नाही, बाटली मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जातो.

फ्लू निघाला तर रिपोर्टचा खरा फायदा आहे, कारण ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या व्हायरसवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग होतो. आरएसव्हीला असं रोजच्या वापराचं औषध नाही, नाक साफ ठेवायचं, थोडं थोडं दूध-पाणी पाजत राहायचं, लागला तर ऑक्सिजन. पण वॉर्डात अशी मुलं बाकीच्यांपासून वेगळी ठेवता येतात, हा फायदा लहान नाही. आणि निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो असंही नाही, फ्लूची रॅपिड टेस्ट बऱ्याच केसेस चुकवते, लॅबमधली पीसीआर टेस्ट जास्त पक्की पण एकदम बरेच व्हायरस तपासणाऱ्या तिच्या मोठ्या पॅनेलला हजारो रुपये जातात, साध्या सर्दीला ते कोणी कशाला करावं.

त्यापेक्षा पोराचा श्वास मोजायला शिकवा की. पोर शांत असताना पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत मोजायचं: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60 किंवा जास्त, एक वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40 झाले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. अंगणवाडीच्या बाई हे सहज शिकवू शकतील, चवथीच्या आधी शिकवलं तर अजून चांगलं, कारण चवथीला मुंबईहून पाहुणे येतात, कोणी शिंकतंय, कोणी खोकतंय आणि तान्हं बाळ या हातातून त्या हातात.

आरोग्य खात्याला विनंती, पावसाळ्यात ही किट्स प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठेवा, निदान दोन वर्षांखालच्या, दम लागलेल्या मुलांसाठी तरी. व्हायरस निघूनही अँटिबायोटिक दिलं तर का दिलं ते केसपेपरवर एका ओळीत लिहायला लावा. आणि खाजगीवाल्यांना टेस्टचा दर बाहेर बोर्डावर लावायला सांगा, आत पोर मांडीवर रडत असताना दर विचारायचं कोणाला सुचत नाही.

– एक पालक, फोंडा