बेडकाचं हृदय आणि टॉवरचा फोटो

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'किरणोत्सर्गामुळे बेडकाचं हृदयच गायब' हे वाचलं. शेजारी मोबाईल टॉवरचा फोटो! दहाच्या आत कात्रण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं आणि खाली सगळे सुरू, टॉवर हलवा म्हणून. हलवायचा तर हलवा हो, पण बिचाऱ्या बेडकाच्या नावावर नको.

मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजला बायो शिकवलं म्हणून राहवत नाही. बातमीतला तो प्रयोग झेनोपस या आफ्रिकन बेडकावरचा, आणि त्यात वापरतात ते अल्ट्राव्हायोलेट म्हणजे अतिनील किरण. किरणोत्सर्ग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर चेर्नोबिल येतं, टॉवरच्या लहरी अजून तिसऱ्याच, आणि तुम्ही सगळं एकाच पातेल्यात ढवळलंत. बरं लॅबमधला तो दिवा बहुतेक वेळा २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, सूर्याचे तसले किरण ओझोनच्या थराखाली येतच नाहीत.

आणि खरी गंमत तर बातमीत आलीच नाही. किरण मारतात तेव्हा हृदय नसतंच! अंडं फळून तासभर झालेला, पेशी एकच. पहिलं विभाजन साधारण दीड तासाने, त्याच्या आत अंड्याची बाहेरची साल आतल्या मालावरून तीसेक अंश सरकते, दुधावरची साय सरकते तशी, आणि त्या सरकण्यावरून पाठ कुठली पोट कुठलं ते ठरतं. पाठीकडच्या पेशींकडून पुढे शेजारच्या पेशींना निरोप जातात, त्यातून हृदय घडतं. अंड्याच्या खालच्या बलकाच्या भागावर अतिनील किरण मारले की साल सरकवणारे आतले धागेच नीट बनत नाहीत, मग पाठ नाही, डोकं नाही, हृदय नाही. डोस पुरेसा असेल तर नुसता पोटाचा गोळा उरतो. त्यात रक्त मात्र भरपूर असतं, फिरवायला पंप नाही एवढंच.

यावर उपाय काय, तर अंडं वेळेत आडवं करायचं! अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या शार्फ आणि गेरहार्टनी १९८० मध्ये हे दाखवलं. आतला जड बलक वजनाने खाली घसरतो, राहिलेलं सरकणं होऊन जातं आणि चांगला धडधाकट बेडूकमासा तयार होतो. म्हणजे किरणांनी हृदय जाळलं वगैरे काही नाही.

उन्हातल्या अतिनील-बी किरणांचं, म्हणजे ओझोनमधून थोडे खाली पोचतात त्यांचं, प्रकरण वेगळं, ते खरंच काळजीचं. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये ब्लाउस्टीन आणि सहकाऱ्यांनी तळ्यातल्या अंड्यांवर ते किरण अडवणारे फिल्टर लावले तर काही जातींची जास्त अंडी जगली, १९९४ चा पेपर आहे. एका झाडबेडकाला मात्र फरक पडला नाही, त्याच्या अंड्यात डीएनए दुरुस्त करणारं एन्झाइम जास्त होतं. यावर लिहा की, पानभर लिहा.

पावसाळ्यात पोरांना मी डबक्यातला इवलासा बेडूकमासा काचेच्या वाटीत उताणा दाखवायचो, भिंगातून गळ्याखाली लाल ठिपका टुकटुक करताना दिसायचा, मग वर्गात आवाज नाही. पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा, आणि फोटो बेडकाचा लावा, लागला तर मी पाठवतो.

आपला,
एक निवृत्त मास्तर, सातारा