व्हिडिओ बघ, पण बीम मोडायच्या आधी थांबव

फोंडा, गोवा
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय रोहिदास,

सप्रेम नमस्कार.

तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या यूट्यूबच्या लिंका बघितल्या. सगळ्या नाही. काही अर्ध्यावर सोडल्या, काही पहिल्याच मिनिटाला. तुझं म्हणणं असं की डिप्लोमा करून इतकी वर्षं साइटवर गेली, आता कन्सल्टंटचं ड्रॉइंग नुसतं वाचायचं नाही, ते तसं का आहे हे कळायला हवं, तर यातलं कुठलं चॅनल धरू? फोनवर सांगितलं असतं तर निम्मं मिक्सरच्या आवाजात गेलं असतं, म्हणून लिहायला बसलो.

आधी टाकून काय द्यायचं ते सांगतो, कारण तुझ्या यादीत त्याचाच भरणा आहे. 'हजार चौरस फुटांना किती स्टील', 'दोन मजल्यांना कॉलम केवढा', वर लाल बाण आणि तोंड वासलेला माणूस. ही मंडळी खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, पण स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, न विचारता उत्तर देतात. तीन मीटरच्या जागी चार मीटरचा बीम आला, दर मीटरला वजन तेवढंच राहिलं, तरी बेंडिंग मोमेंट (वाकवणारा जोर) पावणेदोन पटीच्या वर जाते आणि बीमचं माप तेच ठेवलं तर झोळ तिपटीहून जास्त पडतो. मोमेंट स्पॅनच्या वर्गाने वाढते, झोळ चौथ्या घाताने. एवढं एक वाक्य ज्या व्हिडिओत नाही त्यातला आकडा साइटवर नेऊ नकोस.

त्यातच तो ९ इंच बाय १२ इंचांचा कॉलम. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत लपतो, कोपरा बाहेर येत नाही, म्हणून मालकांचा लाडका. पण गोवा भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये धरून आपण इतकी वर्षं डिझाइन करत आलो, आणि त्या झोनपासून पुढे आयएस १३९२० ही भूकंपाला टिकणाऱ्या काँक्रीटच्या बांधकामाची संहिता लागू होते. तिच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू निदान ३०० मिलिमीटर हवी. ९ इंच म्हणजे २३०. व्हिडिओवाल्याला तू कुठे राहतोस हे माहीत नसतं, त्याला काय पडलंय!

आता धरायचं काय. माझी कसोटी एकच आहे: व्हिडिओ मध्येच थांबवून 'आता काय होईल' हे आपल्याला सांगता येतं का? येत असेल तर त्यातून शिकता येतं. नसेल तर ती करमणूक, मग ती कितीही चांगली असो.

या कसोटीला सगळ्यात चांगलं उतरतं ते 'प्रॅक्टिकल इंजिनिअरिंग'. ग्रेडी हिलहाउस नावाचा टेक्सासमधला सिव्हिल इंजिनिअर ते चालवतो. काँक्रीटचे छोटे बीम ओततो आणि प्रेसखाली मोडून दाखवतो. एक बिनसळईचा, एक सळई घातलेला. तू प्ले दाबून बघत राहिलास तर पाच मिनिटांत 'हां, सळई हवी' एवढंच कळेल, आणि ते तुला आधीच माहीत आहे. त्याऐवजी दाब पडायच्या आधी थांबव. वहीत बीम काढ, तडा कुठे सुरू होईल तिथे खूण कर, आणि तो सावकाश मोडेल की फटकन, ते लिही. मग पुढे बघ. बिनसळईचा बीम काही न सांगता तुटतो. सळईवाला आधी खालून तडकतो, वाकतो, आपल्याला पळायला वेळ देतो. आपलं सगळं आरसीसी डिझाइन या वेळ देण्यावर उभं आहे. 'अंडर-रीइन्फोर्स्ड सेक्शन' (सळई मुद्दाम मर्यादेत ठेवलेला छेद) म्हणून पॉलिटेक्निकमध्ये पाठ केलं होतं ना, तेच हे. 'जरा जास्त स्टील टाका, बरं असतं' म्हणणारा मालक भेटेल तेव्हा हे आठव. बीममध्ये गरजेपेक्षा फार स्टील घातलं तर सळई ताणली जायच्या आधी वरचं काँक्रीट चिरडतं, आणि मग इशारा मिळत नाही.

धरणं, माती, पाणी यांवरही त्याचे व्हिडिओ आहेत. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाचा सांडवा फेब्रुवारी २०१७ मध्ये उखडला आणि १ लाख ८८ हजारांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली, त्यावरचा अवश्य बघ. आणि मग पावसात सांग्याला साळावली धरणावर जा. तिथला तो बदकाच्या चोचीसारखा सांडवा बघायला सगळा गोवा जातो, फोटो काढतो, भजी खातो आणि परत येतो. त्याला तशी वळणदार कड का दिली असेल? सरळ कडेपेक्षा तेवढ्याच जागेत पाणी ओलांडायला जास्त लांबी मिळते, म्हणून. हे उभ्या-उभ्या विचार केला तर सुचण्यासारखं आहे.

दुसरं चॅनल 'द एफिशियंट इंजिनिअर'. माणूस दिसत नाही, नुसती चित्रं हलतात आणि मागे शांत आवाज. शिअर फोर्स, बेंडिंग मोमेंट, ट्रस, बकलिंग, एकेक विषय थोडक्यात. मागे म्हापशाच्या साइटवर बाल्कनीच्या सळ्यांवरून फिटरशी (सळ्या बांधणाऱ्याशी) तुझं वाजलं होतं ना, त्याचं उत्तर इथे मिळेल, पण 'बाल्कनी' असं शोधून नाही. कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला धरलेला बीम, कसा वाकतो ते बघ आणि वाकलेला आकार स्वतः काढ. वरचा भाग ताणला जातो, म्हणून मुख्य सळई वर. फिटरलाही हे पाठ असतं. त्याला माहीत नसतं ते पुढचं. मीटरला वजन तेच आणि लांबीही तीच धरली, तर दोन्ही टोकांना टेकलेल्या स्लॅबपेक्षा कँटिलिव्हरच्या मुळाशी मोमेंट चौपट असते. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये वरची सळई तळापासून साधारण १०० वर बसते. स्लॅब भरताना घमेली घेऊन माणसं तिच्यावरून चालली, तिला उचलून धरणाऱ्या चेअर पुरेशा नव्हत्या, आणि ती २५ मिलिमीटर दबली, तर ताकद पाव भागाहून जास्त गेली. वरून काही दिसत नाही, प्लास्टर झालं की विषय संपला. सळई मागे आत किती न्यायची ते एसपी ३४ या सळ्यांच्या मांडणीच्या पुस्तिकेत चित्रासकट आहे. फिटरला पुस्तक दाखवलंस तर तो तुझ्यापेक्षा लवकर समजेल, बघ.

स्टॅटिक्सच (स्थिर वस्तूंवरच्या बलांचं गणित) विसरल्यासारखं वाटत असेल तर जेफ हॅन्सन म्हणून एक अमेरिकन मास्तर आहेत, फळ्यावर उदाहरणं सोडवतात, विनोद करतात. तेवढ्यापुरते बघ.

खरा अभ्यास मात्र एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या मंचावर. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून सुरू केलेलं. व्हिडिओ दिसायला कंटाळवाणे. मास्तर, फळा, तासाभराचं व्याख्यान, मध्येच खोकला. तरी सांगतो, आयआयटी मद्रासच्या देवदास मेनन यांची स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसची व्याख्यानं बघ. ते आकडेमोडीत शिरायच्या आधी ढाचा कसा हलेल ते विचारतात, म्हणजे आपली कसोटी तिथेही चालते. रात्री जेवल्यावर आडवं पडून बघायची ही गोष्ट नाही, झोप लागेल. पहाटे उठून टेबलावर वही घेऊन बस. चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे कोर्स असतात, दर आठवड्याला असाइनमेंट. प्रमाणपत्र हवं असेल तर केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. तिला ७५ टक्के वजन, असाइनमेंटना २५. तुला कागद नको असेल, पण नाव नोंदव. असाइनमेंटची तारीख डोक्यावर असली की माणूस बसतो.

बाहेरची चॅनलं बघताना एका गोष्टीत घोळ होतो, तो आत्ताच सांगून ठेवतो. अमेरिकेत काँक्रीटची ताकद सिलिंडर चेपून मोजतात, आपण १५० मिलिमीटरचा क्यूब चेपतो. त्याच काँक्रीटचा सिलिंडर क्यूबपेक्षा कमी आकडा दाखवतो, साधारण ८० टक्के. त्यामुळे त्यांचं ४००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) म्हणजे नुसतं गणित केलं तर साडेसत्तावीस मेगापास्कल आणि 'अरे, हे तर आपल्या एम २५ पेक्षा जरासंच वर' असं वाटतं. आपल्या क्यूबच्या हिशेबात ते एम ३५ च्या जवळ जातं (एम पुढचा आकडा म्हणजे क्यूबची मेगापास्कलमधली ताकद). त्यांची चार नंबरची सळई म्हणजे चार अष्टमांश इंच, आपल्या १२ मिलिमीटरच्या आसपास. आणि मोमेंटचा आलेख कुणी ताणाच्या बाजूला काढतं, कुणी दाबाच्या. उलटा दिसला म्हणून घाबरू नकोस.

पण सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. कुठलंही चॅनल घे, खारा वारा त्यात नसतो. मोरजीचं जे काम तू घेतो आहेस ते समुद्रापासून किती लांब आहे ते तूच जाणतोस. आयएस ४५६, काँक्रीटची मूळ संहिता, काढ, तक्ता ३, ५ आणि १६, तिन्ही शेजारी ठेवून वाच. समुद्रकाठच्या हवेत उघडं राहणारं काँक्रीट 'सिव्हिअर' गटात येतं: निदान एम ३०, पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.४५ च्या वर नाही, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ४५ मिलिमीटर. लाटांचे तुषार थेट अंगावर येत असतील तर 'व्हेरी सिव्हिअर', एम ३५ आणि ५० मिलिमीटर. आता तुझ्या लिंकांतला तो 'एकास दीडास तीन, घरासाठी बेस्ट' वाला आठव. ते सिमेंट-वाळू-खडीचं प्रमाण म्हणजे एम २०. मीठ आत झिरपून सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि कव्हर फोडून बाहेर येतो. वर आपला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस. किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींच्या छज्जांखाली मान वर करून बघ, लाल रेघा दिसतील. आणि कव्हर ब्लॉक म्हणून चिऱ्याचा तुकडा लावणाऱ्याला साइटवरून घालव. चिरा पाणी पितो, आणि तू त्यालाच सळईला टेकवून ठेवतोस!

कोसळलेल्या इमारतींचे व्हिडिओ तुला फार आवडतात असं यादीवरून दिसतं. मला त्यांचा थोडा राग येतो. संगीत लावून, धूळ उडवून दाखवतात, आणि कारणाला शेवटची तीस सेकंदं. अपवाद म्हणून कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलचं प्रकरण नीट अभ्यास. १७ जुलै १९८१ ला आतले लटकते पूल पडले, ११४ माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये वरचा आणि खालचा पूल एकाच सलग दांड्याला अडकवलेले होते. बांधताना सोयीसाठी दांडा तोडून दोन केले: खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला. कागदावर हा फरक क्षुल्लक दिसतो. वरच्या पुलाच्या जोडाचं फ्री बॉडी (तो जोड सुटा धरून त्यावरच्या बलांची आकृती) काढ. आधी त्या नटावर फक्त आपल्या पुलाचं वजन होतं, आता दोन्ही पुलांचं आलं. दुप्पट. यासाठी ना संगणक लागत, ना पदवी. पेन्सिल लागते आणि बदल कुणी विचारला तर 'करा, काय फरक पडतो' असं न म्हणण्याची सवय. साइटवर असे बदल रोज तुझ्याकडेच येतात, म्हणून हे प्रकरण तुझ्यासाठी.

आपल्याकडचंही आहेच. मांडवीवरचा नेहरू सेतू ५ जुलै १९८६ ला कोसळला आणि लोक पुन्हा फेरीबोटीला लागले. घरी मोठ्यांना विचार, अजून सांगतात. काणकोणला ४ जानेवारी २०१४ ला बांधकाम चालू असलेली इमारत बसली, त्यात बहुतेक मजूरच गेले. यांची नावं आपण नेहमी ऐकतो, पण जोडाजोडाने समजावून सांगणारा मराठीतला धड व्हिडिओ मला तरी सापडला नाही. सापडला तर पाठव.

'द बी१एम' वगैरे मोठमोठ्या प्रकल्पांची चॅनलं जेवताना लाव, मुलांनाही आवडतील. डोळ्यांना छान, हाताला काही नाही. ईटॅब्स आणि स्टॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची सगळी ट्यूटोरियलं मात्र आत्ता बंद. कुठलं बटण दाबायचं ते शिकवतात, आलेलं उत्तर बरोबर की वेडंवाकडं ते नाही. एक साधा बीम हाताने सोडव, मग तोच स्टॅडमध्ये घाल आणि दोन्ही आकडे जुळतात का बघ. जुळायला लागले की माझ्या ऑफिसात ये, संध्याकाळी मशीन मोकळं असतं.

म्हापशाहून पणजीला येताना अटल सेतूवरून येतोस. २०१९ पासून त्या तिरक्या केबल बघतोस. त्या ताणात आहेत हे कुणीही सांगेल. त्यांच्या तिरक्या ओढीने खालच्या रस्त्याच्या पट्ट्यात काय निर्माण होतं, ताण की दाब? कुठलाही व्हिडिओ न बघता उत्तर लिहून पाठव, आकृतीसकट. नुसता शब्द चालणार नाही.

येत्या रविवारी मी घरीच आहे. मोरजीच्या फुटिंगचं (पायाचं) ड्रॉइंग आणि माती-तपासणीचा अहवाल घेऊन ये. अहवाल केलाच नसेल तर ड्रॉइंग आणू नकोस, आधी तो करून घे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगंबर

ता.क. आयएस संहिता विकत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, संकेतस्थळावर नाव नोंदवलं की मोफत उतरवता येतात. तुझ्या ऑफिसातली ४५६ ची जी झेरॉक्स आहे ती १९७८ ची आहे, मी तेव्हाच बघितली होती. २००० ची घे.