फोटोच्या कोपऱ्यातला पाला

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवलास, त्याला आज चार दिवस झाले. चूक माझीच होती. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत, मातीच्या पिशव्यांमधून तू अकरा बीट काढलेस आणि हौसेने मला फोटो पाठवलास. मी आधी कौतुक करायला हवं होतं. पण नजर गेली ती मागच्या कचऱ्याच्या डब्याकडे. लाल शिरांची हिरवीगार पानं त्यात कोंबलेली दिसली आणि तोंडातून तेच आधी बाहेर पडलं. ‘आई, तुला माझ्या प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते,’ म्हणालीस. नाही गं. तो डावीकडचा गोल बीट मी फोटो मोठा करून करून पाहिला. शेजारच्या वहिनींनाही दाखवला.

आणि पाला लगेच कापलास ते बरोबरच केलंस. तसाच ठेवला तर तो कंदातलं पाणी ओढतो आणि दोन दिवसांत बीट मऊ पडतं. फक्त तो डब्यात जायला नको होता.

रिपोर्टबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण मनू, तो ८.९ आकडा डोळ्यांपुढून हलत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ तरी हवं, हे मी एकोणतीस वर्षं अंगणवाडीत सांगत आले. गरोदर पोरींची खालची पापणी ओढून फिकट आहे का ते बघायचे, गोळ्या घेतेस ना म्हणून घरी जाऊन विचारायचे. आणि दिवाळीला तू चार दिवस माझ्यासमोर होतीस, तेव्हा तुझी पापणी मी पाहिली नाही. माडीचा जिना चढताना तू दोनदा थांबलीस. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल.

बहात्तरच्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. तात्या मुंबईला. आक्का खडी फोडायला जायची आणि तिथली सुकडी पदरात बांधून आणायची. विहीर आटली होती, पण मोरीचं सांडपाणी जायचं तिथे तिने हातभर वाफा केला होता. त्यात मुळ्याचं बी मुद्दाम दाट टाकायची. रोपं बोटभर झाली की मधली मधली उपटायची, ती कोवळी पाल्यासकट भाजीत जायची आणि उरलेल्यांना जागा व्हायची. मुळा हाताला येईपर्यंत आमचा पाला खाऊन झालेला असायचा. एक संध्याकाळ अगदी लख्ख आठवते. चुलीपुढे बसून तिने पाला चिरला, मीठ लावलं आणि मुठीत धरून पिळला. बोटांतून निघालेलं हिरवं पाणी परातीत घेतलं आणि त्याच पाण्यात मिलोचं, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीचं, लाल पीठ मळलं. पाण्याचा थेंब वाया जाऊ दिला नाही. भाकरी हिरवट-तांबडी झाली होती. मी रडले होते, नको म्हणून. तिने काहीच म्हटलं नाही, स्वतःच्या ताटातली थोडी सुकडी माझ्या ताटात टाकली.

हे तुला लाजवायला लिहीत नाहीये. तुझ्यावर ती वेळ नाही, आणि कधी येऊही नये.

बीट हे पालक-चाकवताच्याच कुळातलं. माणसाने आधी त्याची पानंच खाल्ली, कंद पुढे मोठा केला. आता पुन्हा लावलेस की बीट काढायची वाट बघू नकोस. एकेका रोपाची बाहेरची एक-दोन पानं खुडत जा, मधला कोंब ठेव, कंद भरतच राहतो. तीन पाण्यांतून धू, देठाच्या बेचक्यात माती बसते. देठ बारीक चिरून लसणीच्या फोडणीत आधी टाक, ते मऊ झाले की पानं, आणि वरून दाण्याचं कूट. मुळ्याचा पाला हाताला खरखरीत लागतो, शिजल्यावर लागत नाही. त्यात भिजवलेली मूगडाळ घाल, किंवा बेसन पेर. गाजराचा पाला थालीपिठात घाल. बटाटे लावशील तर त्याच्या पाल्याला मात्र हात लावू नकोस, तो विषारी असतो. आणि अभिजितरावांना मुतखडा होऊन गेलाय, त्यांना बीटचा पाला वाढू नकोस, मुळ्याचा वाढ.

बघ, पुन्हा शिकवायलाच बसले. वीस माणसं हाताखाली असलेल्या बाईला भाजी कशी धुवायची ते सांगतेय. माफ कर. सवय जात नाही.

पण एवढं ऐकच. नुसत्या पाल्याने रक्त भरत नाही. त्यातलं लोह अंगाला कमी लागतं, बीटच्या पाल्यातलं तर आणखीच कमी. म्हणून वर लिंबू पिळायचं आणि जेवणावर चहा घ्यायचा नाही. आणि गोळ्या तू बंद केल्यास, हे मला अभिजितरावांकडून कळलं. त्यांच्यावर रागावू नकोस, ते घाबरलेत. शौचाला काळं होतं ते गोळीमुळेच, त्यात भिण्यासारखं काही नाही. पोट बांधलं जात असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात, तू आपल्या मनाने सोडू नकोस. रक्त कुठे कमी होतंय तेही त्यांना नीट विचार. पाळीचं सगळं सांग त्यांना, लाजू नकोस. माझ्याशी बोलायला नको वाटलं तरी चालेल, त्यांना सांग.

शनिवारी विजूकाका पुण्याला येतोय. त्याच्याजवळ मुळ्याचं बी देतेय, आपल्याच परसातलं, यंदा डिंगऱ्या चांगल्या वाळल्या. सोबत एक मुळ्याची जुडी पाल्यासकट आहे, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. आल्या आल्या पाला वेगळा कर.

गॅलरीत सकाळचं ऊन किती वाजेपर्यंत असतं ते लिही. आणि पुढची रक्ततपासणी कधी आहे? राग असला तरी तेवढी तारीख कळव.

तुझी,
आई