ग्रँड ज्युरीच्या खर्चाचं रडगाणं कशाला

संपादक महोदय,

अमेरिकेत ग्रँड ज्युरी, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणारी सामान्य नागरिकांची समिती, निवडायची पद्धत बदला म्हटलं की पहिला प्रश्न येतो, पैसा कोण देणार? मी म्हणतो सरकारनेच द्यावा. टेक्सासमधे २०१५ पर्यंत काय चालायचं बघा, जज आपल्या पसंतीचे तीन-पाच कमिशनर नेमणार, ते त्यांच्या ओळखीपाळखीतली १५ ते ४० नावं काढणार आणि त्यातून १२ जण बसणार, म्हणजे कोणावर खटला भरायचा ते हे ठरवणार! स्वस्त होतं, मान्य. पण त्याच टेक्सासच्या हिडाल्गो काउंटीत लोकसंख्येत ७९ टक्के मेक्सिकन वंशाचे आणि ११ वर्षांत ग्रँड ज्युरीसाठी बोलावलेल्यांत जेमतेम ३९ टक्के, हे १९७७ ला सुप्रीम कोर्टानेच निकालात नोंदवलं.

आता तिथे मतदार यादी आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरून नावं निघतात, त्यामुळे समन्स, पोस्टेज, क्लार्क, हजर राहणाऱ्यांचा भत्ता हे सगळं आलंच. पण खरी अडचण भत्त्याची आहे हो. फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टाच्या ग्रँड ज्युरीत दिवसाला ५० डॉलर मिळतात, मालक नोकरीवरून काढू शकत नाही पण पगार द्यायलाच हवा असंही नाही, मग तासावर काम करणारा माणूस महिनोन्महिने कसा येणार? शेवटी रिटायर्ड आणि खाऊनपिऊन सुखी लोकच उरतात. आपली कितीतरी मराठी मंडळी तिकडे सिटिझन झालीयेत, त्यांनाही समन्स येऊ शकतं. त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आधी भत्ता वाढवायची मागणी लावून धरावी.

– एक वाचक