करंगळी पुन्हा काढून टाकल्याबद्दल

प्रिय काका,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात भर पावसात आजोबांच्या जुन्या फोटोची पिशवी छातीशी धरून ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या तुमच्या फोटोच्या दुकानात शिरलेली ती मी. तुम्ही पैसे घेतलेत फक्त प्रिंटचे, आणि आभार मानायला लागले तर "मागे गिऱ्हाईक उभं आहे" म्हणून वाटेला लावलंत. म्हणून हे असं चारचौघांत.

आजोबांचा तो फोटो आमच्या घरात कायम चेष्टेचा विषय होता. त्या काळात स्टुडिओत गेलेला माणूस खुर्चीत ऐटीत बसेल, मिशीला पीळ देईल. आमचे आजोबा अनवाणी उभे, आणि दोन्ही तळवे कॅमेऱ्यापुढे धरलेले. ज्योतिषाला हात दाखवताहेत, असं आम्ही म्हणायचो. आजी हसायची नाही. "हात दाखवायलाच काढलाय तो," एवढंच म्हणायची.

तुमच्याकडे येण्याआधी तो एका दुसऱ्या दुकानात दिला होता. तिथल्या कॉम्प्युटरने आजोबांना रंगवलं, अंगात कोट चढवला आणि दोन्ही हातांना पाच-पाच सरळसोट बोटं दिली. बाबा बघतच राहिले. "हे आप्पा नव्हेत."

तुम्ही मूळ फोटोवर भिंग धरलंत. मग तो उलटा केलात, दुकानातला दिवा मालवलात आणि टॉर्च आडवा लावलात. शिसपेन्सिल केव्हाच पुसली गेली होती, पण तिचा दाब कागदात राहिला होता : २१-४-४४. आयुष्यभर तो फोटो आमच्या घरात, पण पाठीमागे कोणी पाहिलं नव्हतं!

"आजोबा कामाला कुठे होते?"

"आधी गोदीत. मग इथे ठाण्यात, गिरणीत."

तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत. "बसा. हा फोटो हौसेचा नाही."

१४ एप्रिल १९४४ चा मुंबईच्या गोदीतला स्फोट मला माहीत होता, म्हणजे सोन्याच्या विटा उडाल्या एवढा. फोर्ट स्टिकिन बोटीत कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र भरलेली, दुपारी आग लागली, चारनंतर साधारण अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले, आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक गेले, हे तुमच्याकडून कळलं. मेलेल्यांचा आकडा ८०० ते १,३०० असा काहीही सांगतात. तुम्ही म्हणालात, "विटांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. हमाल किती गेले ते विचारा कोणाला." सुधीश घटक नावाच्या कॅमेरामनने तिथे केलेलं चित्रीकरण लष्कराने काढून घेतलं, हेही तुम्हीच सांगितलंत. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी फोडली, आणि आपल्याकडच्या वार्ताहरांना मात्र ती बाहेर पाठवायला मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडावा लागला.

तिथे मला आजी आठवली. कोकणात, पदरी दोन पोरं, गावात 'मुंबई जळाली' एवढीच आवई आलेली. लिहिता-वाचता येत नव्हतं तिला. "पत्र काय, कोणीही लिहून धाडील," हे तिचं वाक्य मी शंभरदा ऐकलंय, पण ते कशाबद्दल होतं हे त्या दिवशी तुमच्या स्टुलावर कळलं. आजोबांनी म्हणूनच फोटो धाडला होता. बघ, उभा आहे. बघ, दोन्ही हात आहेत.

मग तुम्ही स्कॅन मोठा केलात. डाव्या करंगळीच्या जागी चिंधी गुंडाळलेली, आणि तिच्यात बोट असावं एवढी लांबीच नाही. आम्ही आजवर समजत होतो की ते बोट गिरणीच्या मशीनमध्ये गेलं. त्यांनीच तसं सांगितलं होतं. दर १४ एप्रिलला अग्निशमन दलाच्या कार्यक्रमाची बातमी लागली की ते रेडिओ बंद करायचे, त्याचंही कारण आम्ही कधी विचारलं नाही. त्यांच्या खोलीवर आणखी कोण कोण होते, त्यांतले किती परतले, हे विचारायला आता कोणी उरलं नाही.

"त्या दुकानाने करंगळी परत आणून दिली," तुम्ही म्हणालात, "मला ती पुन्हा काढावी लागेल." आणि मूळ फोटोवरून नव्याने बसलात. वाळवीची भोकं बुजवलीत, घडीची रेघ पुसलीत, चिंधीला हात लावला नाहीत. गुडघ्याजवळचा डाग घालवायचा का म्हणून विचारलंत आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणालात, "नको. तो धोतरावरचा आहे, कागदावरचा नाही."

काका, मनापासून आभार. फोटो आता चरईच्या घरी, बाबांच्या पलंगासमोर आहे. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, बोटं मोजली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

आणि हो, तो कोटवाला फोटो तुम्ही फाडून टाका म्हणाला होतात. फाडला नाही. बाबांनी कपाटात ठेवून घेतलाय. म्हणाले, "आप्पांना कोट कधी परवडला नाही. असू दे."

आपली,
फोटोवाली