वाचनालयातील काकांना अनावृत पत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानले की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

शाळेत शंकरराव चव्हाणांच्या कारकिर्दीवर बोलायचे होते, म्हणून मी आपल्याकडे आले तेव्हा माझ्या वहीत नुसती पदे होती: १९७५ आणि १९८६ असे दोनदा मुख्यमंत्री, पुढे केंद्रात अर्थमंत्री, गृहमंत्री. आपण वही वाचून मिटलीत आणि म्हणालात, "बाई, हे सगळं नंतरचं. आधी पाटबंधारे मंत्री बघा."

मग आपण माळ्यावरून वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली उतरवल्या. लाल फडक्याची गाठ सोडली आणि कडा मोडू नयेत म्हणून प्रत्येक पानाखाली आधी पोस्टकार्ड सरकवून मगच ते उलटलेत. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा शंकरराव राज्याचे पाटबंधारे मंत्री होते; २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले, तेव्हा ते मुख्यमंत्री होते. या दोन तारखांच्या मधली दहा वर्षे, त्यातच १९७२ चा दुष्काळ, आपण मला सलग तीन रविवार वाचायला लावलीत.

जायकवाडी हे पैठणजवळचेच गाव, असे मी आयुष्यभर समजत होते. निजामाच्या काळात धरण बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ ठरले होते, पुढे जागा वर पैठणला सरकली आणि नाव मात्र जुनेच राहिले, हे आपणच सांगितलेत. ते पैठण म्हणजे शंकररावांचे जन्मगाव. वकिली सोडून हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे गेलेला आणि पुढे नांदेडचा झालेला हा माणूस शिस्तीमुळे 'हेडमास्तर' म्हणून ओळखला गेला. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे, हे मुलांना सांगताना मला मनापासून अभिमान वाटला.

सर्वांत मोठे ऋण मात्र वेगळेच आहे. माझे माहेर जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचे, परभणी जिल्ह्यातले. माझ्या वडिलांच्या पऱ्हाटीला पहिल्यांदा पाटाचे पाणी लागले तो दिवस आमच्या घरात सणासारखा सांगितला जातो. सासूबाईंचे माहेर मात्र नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, गेले. पाणी उतरले की देवळाचा चौथरा दिसतो, म्हणून त्या अजून काठावर जाऊन बसतात. मी भाषणात फक्त वडिलांचे लिहिले होते. आपण ते ऐकून घेतलेत आणि एवढेच विचारलेत, "सासूबाईंचं कुठं आहे?" त्या प्रश्नानंतर मी अर्धे भाषण नव्याने लिहिले, आणि शंकररावांविषयीचा माझा आदर त्याने कमी न होता अधिक जाणता झाला, असे मी प्रामाणिकपणे सांगते.

भाषण झाल्यावर सातवीतल्या एका मुलाने विचारले की, कालवा २०८ किलोमीटर लांब आहे, तर मग आमच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, चारीला पाणी शेवटी आणि तेही कमी का येते. मला उत्तर देता आले नाही. येत्या रविवारी त्याला घेऊन येत आहे. कालव्याच्या कामांच्या काळातल्या फाइली तेवढ्या माळ्यावरून उतरवून ठेवाव्यात, ही विनंती.

आपली नम्र,
एक शिक्षिका